नाव नसलेल्या फाइलमधली ओळ

१

“तिसऱ्या मजल्यावरची ती रुपाली कामाला गेली ना, की म्हणे त्या घरात एक बाई...”

एवढं कानावर पडलं आणि लिफ्टचं दार मिटलं. चौथ्या मजल्यावरच्या भाग्यश्रीला आणि तिच्या उरलेल्या बोलण्याला घेऊन लिफ्ट वर गेली. कुसुमताई कोथिंबिरीची जुडी हातात धरून खालीच उभ्या राहिल्या.

त्यांना राग आला तो अफवेचा नव्हे, ती अशी अर्धवट हाती लागल्याचा. रुपालीचं घर म्हणजे त्यांच्या भिंतीला भिंत. मोशीतल्या या सोसायटीत कुणाचा मुलगा क्लास बुडवतो, कुणाची सासू गावाहून येणार म्हणून कुणाचं डोकं दुखतं, हे आधी कुसुमताईंना कळायचं आणि मग त्या घरातल्यांना. आणि आता शेजारच्याच घरात कुणी बाई येते, ते चौथ्या मजल्याला ठाऊक आणि तिसऱ्याला नाही, म्हणजे काय.

रुपाली परळीकडची, प्रज्वल औशाचा. दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या. ती खाली शॉपमध्ये प्रेस मशीनवर, तो वर ऑफिसात कॉम्प्युटरवर. आठवड्यातले काही दिवस तो घरूनच काम करायचा. दोघांच्याही आया लांब. तेव्हा ते खातं कुसुमताईंनी कुणी न सांगताच आपल्याकडे घेतलं होतं. त्यांच्या घराची दुसरी किल्ली कुसुमताईंच्या देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला असायची. पोरीचा डबा राहिला, गॅस बंद केला की नाही आठवेना, की फोन यायचा, “काकू, जरा बघता का?” आणि काकू बघायच्या. थोडं जास्तच बघायच्या.

त्या वर आल्या आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. ओट्यामागची भिंत आणि प्रज्वलच्या कामाच्या खोलीची भिंत एकच. पलीकडून कीबोर्डची टकटक येत होती. ती आता इतकी सवयीची झाली होती की ती सुरू झाली की कुसुमताई मिक्सर लावायच्या नाहीत, पोराचं काम खोळंबायला नको म्हणून.

अर्धी जुडी झाली तेव्हा त्यांचा हात थांबला. सकाळी गॅलरीतून त्यांनी प्रज्वलला रुपालीच्या मागोमाग कंपनीच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. त्याने वर बघून हातसुद्धा केला होता.

टकटक चालूच होती.

२

संध्याकाळी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन त्या शेजारी गेल्या. वाटी हे निमित्त आहे हे प्रज्वललाही माहीत होतं. तो टेबलाशी कपाळ धरून बसला होता. टेबलावर एक मोठा कीबोर्ड होता आणि त्याची वायर खाली लोंबत होती, कशालाच न जोडलेली. लॅपटॉप तो ऑफिसला जाताना पाठीवर बांधून नेतो, घरी आला की जोडतो, असं त्याने सांगितलं. म्हणजे दिवसभर तो कीबोर्ड मेलेलाच असतो. कुसुमताईंनी मनाशी म्हटलं, पाण्याच्या मोटारीचा आवाज असेल. कबुतरं असतील. मग त्याला विचारलं, की चेहरा असा का.

त्याने सांगितलं ते त्यांनी त्यांच्या परीने लावून घेतलं. कंपनीतल्या प्रेसना कामं सांगण्यासाठी त्याने एक भाषा रचली होती, नुसत्या कंसांची. लाइनवरच्या इंजिनिअरने एक छोटी ओळ लिहायची, आणि तिच्यावरून मशीनला लागणाऱ्या लांबलचक सूचना कॉम्प्युटरनेच तयार करायच्या. हा विस्तार ज्या साच्यातून होतो त्याला मॅक्रो म्हणायचं.

“म्हणजे मी नुसतं ‘आमटी कर’ म्हणायचं आणि फोडणीबिडणी त्याने समजून घ्यायची,” कुसुमताई म्हणाल्या.

“तसंच, काकू. पण आमटी बिघडली की तो सांगणार, अमक्या पायरीवर चूक आहे. आणि ती पायरी तर तुम्ही लिहिलीच नाही. तुम्ही लिहिली फक्त ‘आमटी’.”

चूक कुणीच न लिहिलेल्या मजकुरात दाखवली जायची. ती शोधायची तरी कुठे? म्हणून प्रज्वल प्रत्येक तुकड्याला त्याच्या जन्माची चिठ्ठी चिकटवत होता: कुठल्या फाइलमधला, कितव्या ओळीतला. तुकड्याचे पुढे कितीही तुकडे झाले तरी चिठ्ठी सुटता कामा नये. कुसुमताईंचे यजमान विलासराव भोसरीच्या फोर्जिंग शॉपमधून रिटायर झालेले. त्यांना हे नंतर सांगितल्यावर लगेच पटलं. रॉड कापायच्या आधी त्यावरचा नंबर होणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर ठोकून घ्यायचा, ही त्यांच्याकडची रीत.

हे सगळं ठीक होतं. काळजीचं होतं ते वेगळंच. रुपालीची प्रेस मध्येच थांबत होती. चांगली चालता चालता अडायची, आणि पडद्यावर चूक असल्याचा निरोप यायचा. माल अडकायचा, वरून बोलणी यायची. मॅनेजर रणजीत सरांनी शेवटचं सांगून टाकलं होतं: सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंत तपासणीतला तो मशीन थांबवणारा तुकडा शोधून काढून टाक, नाहीतर प्रेस खाली यायच्या आधीची सगळी तपासणीच बायपास करू, आणि मग तू यायची गरज नाही.

“मग काढून टाक की,” कुसुमताई म्हणाल्या.

प्रज्वलने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे रुपाली भाकरी थापत होती, दोन्ही तळव्यांचा लयीत आवाज येत होता. तो हळू आवाजात बोलला, “तपासणी काढली आणि प्रेसने डबल मारला, म्हणजे एकदा दाबून आपोआप परत खाली आली, तर पत्रा काढायला तिचे हात तेव्हा आतच असतात, काकू.”

३

पुढच्या काही दिवसांत कुसुमताई त्या घरी जास्तच जाऊ लागल्या. प्रज्वललाही कुणाशी तरी बोलावंसं वाटत असावं.

सगळ्या तुकड्यांना चिठ्ठ्या लागल्या, एक सोडून. तोच मशीन थांबवत होता. आधी प्रज्वलला वाटलं, आपलीच चूक. त्याच्या प्रोग्रॅमला एक वाईट खोड होती: चिठ्ठी नसलेला तुकडा दिसला की शेजारच्या तुकड्याचीच चिठ्ठी त्याला लावून मोकळं व्हायचं. विलासराव हे ऐकून खूप हसले. शॉपमध्ये नंबर ठोकायचा राहिला की आळशी लोक शेजारच्याचाच नंबर ठोकायचे, म्हणाले. त्या खोडीपायी लाइनवरच्या एका भल्या इंजिनिअरला फुकट बोलणी बसली होती. प्रज्वलने ती मोडून काढली. आता त्या तुकड्यावर ‘ठिकाण माहीत नाही’ असं यायला हवं होतं.

तसं आलं नाही. फाइलच्या नावाची जागा कोरी होती, आणि पुढे ओळीचा आकडा होता.

नावच नसलेल्या फाइलला ओळ कुठून असणार? त्याने सगळा लॅपटॉप धुंडाळला, कंपनीचा सर्व्हर धुंडाळला. अशी फाइल कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आकडा वाढला होता. तिसऱ्या दिवशी आणखी. तुकडा तो पुसायचा, आणि दुपार उलटेपर्यंत तो परत जागेवर असायचा.

“काकू,” तो म्हणाला, “ती फाइल कुणीतरी अजून लिहितंय.”

कुसुमताईंना भिंतीपलीकडची टकटक सांगून टाकावीशी वाटली. पण पोरगा आधीच अर्धा झालेला. त्यांनी विचारलं, त्या तुकड्यात लिहिलंय तरी काय? प्रज्वल जरा ओशाळला. प्रेस खाली यायच्या आधी तो एक प्रश्न विचारतो, म्हणाला. रोमन अक्षरांत, मराठी शब्दांत. त्याने वाचून दाखवला.

“बयो, हात बाहेर?”

रुपाली पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिला बयो म्हणणारं जगात एकच माणूस होतं. परळीची आई तिला रुपा म्हणायची, नवरा नावाने हाक मारायचा. बयो म्हणायच्या त्या फक्त कुसुमताई, आणि त्याही दार लावून घेतलेल्या आपल्या घरात, तिच्या केसांना तेल लावताना.

४

प्रज्वल तुकड्यांचा माग काढत होता, तसा कुसुमताईंनी अफवेचा काढायला घेतला. त्यातलं कसब त्यांना होतंच. भाग्यश्रीला चहाला बोलावून त्यांनी उरलेलं वाक्य काढून घेतलं: एक बाई येते, आतल्या खोलीत दुपारभर बसते. आता नवरा-बायकोच्या घरात बायको नसताना बाई बसते म्हटल्यावर पुढचं ज्याने त्याने आपापल्या मनाने वाढवलं होतं. भाग्यश्री म्हणाली, मी काही मनाने सांगत नाही, गिरणीत अंबुबाई म्हणाल्या.

अंबुबाई मूळच्या मोशीच्या. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी घरापुढची पिठाची गिरणी त्यांनी मोडली नव्हती. कुसुमताई गुडघे सांभाळत तिथवर चालत गेल्या. पट्टा घरघरत होता, सगळीकडे पिठाचा पांढरा थर होता. त्यांनी विचारलं, की मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं.

अंबुबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“तूच की गं. डबा घिऊन आलतीस. म्हनालीस, रुपाली कामाला गेली की तिथं बाई बसती. तिचं काम अजून व्हायचं हाय, म्हनालीस.”

गुडघ्यांमुळे कित्येक महिने कुसुमताई गिरणीत आल्या नव्हत्या. दळण विलासराव स्कूटरवरून आणायचे. तसं त्यांनी सांगितलं तर अंबुबाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. “मग ह्यो डबा कुणाचा? दळून ठिवलाय तवापासनं. न्यायलाच आली न्हाईस.”

स्टीलचा डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं: सौ. कुसुम विलास. कुसुमताईंचा असाच डबा घरी ओट्याखाली होता, त्यातल्याच पिठाची भाकरी त्यांनी सकाळी थापली होती. लग्नात असे दोन आले असतील, त्यांनी मनाची समजूत घातली. एक कधीतरी इथे राहिला असेल. त्यांनी झाकण उघडून पिठात बोटं घातली.

दळण येऊन बरेच दिवस झाले होते, आणि पीठ गरम होतं. जात्याखालून आत्ता पडल्यासारखं.

त्यांनी झाकण लावलं, डबा होता तिथे ठेवला आणि नंतर नेते म्हणून सांगितलं.

५

रविवारी दुपारी प्रज्वल आणि रुपाली देहूरोडला तिच्या मामाकडे जेवायला गेले. लॅपटॉप त्याच्या पाठीवर होता. सोमवार तोंडावर आलेला, म्हणून लॅपटॉप तो जवळून हलवू देत नव्हता. विलासराव हॉलमध्ये पेपर वाचता वाचता पेंगत होते. बाहेर हायवेवर ट्रक चालले होते, खाली मुलांचं क्रिकेट चाललं होतं. अशा भर दुपारी कुणी घाबरतं का?

पलीकडे टकटक सुरू झाली.

कुसुमताईंनी खिळ्यावरची किल्ली घेतली. चोर असला तर ओरडायचं, असं ठरवलं. मग वाटलं, चोर कशाला टायपिंग करेल. कुलूप आवाज न करता उघडलं याचं त्यांना जरा कौतुकच वाटलं.

हॉलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. वाळलेल्या कपड्यांचा ढीग सोफ्यावर, रुपालीच्या कंपनीचा निळा कोट दाराच्या हुकाला. फ्रीजची घरघर मध्येच थांबली आणि आतला आवाज एकदम मोठा वाटू लागला. भरभर नाही, शिकाऊ माणूस एकेक अक्षर शोधून दाबतो तसा. थांबून, पुन्हा दाबून. घाई होती, पण चूक होऊ द्यायची नव्हती.

आतल्या खोलीचं दार थोडं लोटलेलं होतं. त्या फटीतून त्यांना दिसलं ते एवढंच: खुर्चीत बसलेली एक बाई, पाठमोरी. जांभळं पातळ. सैल अंबाडा. डाव्या खांद्याजवळ ब्लाउजची शिवण उसवलेली, त्यातून बोटभर पाठ दिसत होती. टेबलावरून वायर तशीच लोंबत होती.

त्या बाईने केसांची बट मागे सारायला हात वर नेला. तेव्हा कुसुमताईंच्या लक्षात आलं की आपलाही हात वर गेलाय, बट सारायला.

त्यांनी दार ओढलं नाही, हाक मारली नाही. आल्या तशा मागे गेल्या, कुलूप लावलं, घरी येऊन पाणी प्यायल्या. कपाटाचा आरसा असणार, त्यांनी स्वतःला बजावलं. रुपालीच्या कपाटाला मोठा आरसा आहे, त्यात आपणच दिसलो. पण आरशात माणूस समोरून दिसतो. पाठमोरा दिसत नाही.

त्यांनी अंगावरच्या जांभळ्या पातळाचा पदर बाजूला केला आणि विलासरावांसमोर पाठ करून उभ्या राहिल्या.

“अहो, बघा बरं, माझी शिवण उसवलीय का कुठे?”

विलासरावांनी पेपर खाली केला. “हो की. डाव्या खांद्याजवळ. पाठीवरचं तुला कसं गं कळलं?”

भिंतीपलीकडे टकटक चालूच होती.

६

दिवे लागायच्या वेळी प्रज्वल आला. तुकडा काढून टाकायचं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. नोकरी गेली तर फ्लॅटचं काय, गावाकडे काय तोंड दाखवायचं, असं बरंच बोलला. पुसून परत येतो म्हटल्यावर मुळापासूनच तपासणी बंद करायची, की मग कुणी काहीही लिहो. कुसुमताई ऐकत होत्या. बोटांची टोकं त्यांना दुपारपासून ठणकत होती.

“काढू नकोस,” त्या म्हणाल्या.

“का पण, काकू?”

सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते सांगितलं असतं तर पोराने डॉक्टरला फोन लावला असता. त्या एवढंच म्हणाल्या, “तो तुकडा कुठून आला हे तू इतके दिवस शोधतोयस. तो काय विचारतोय ते एकदा तरी ऐक की रे. हात बाहेर का, असं विचारतोय. त्यात वाईट काय विचारलं?”

प्रज्वलने हातातला चहा तसाच खाली ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, की प्रश्न जर बरोबर असेल, तर चूक उत्तरात असणार. उत्तर मशीन देतं. मशीन कुणी उघडून पाहिलंच नाही, सगळे माझ्या मागे लागले होते आणि मी चिठ्ठीच्या.

सोमवारी सकाळपासून कुसुमताईंनी स्वयंपाक दोनदा खारट केला. कंपनीची परतीची बस नेहमीच्या वेळेला आली की नाही हे बघायला त्या गॅलरीतून हलल्या नाहीत. रुपाली एकटीच उतरली, आणि जिना चढून आधी त्यांच्याच दारात आली.

तिने सांगितलं ते असं. रणजीत सर सकाळीच मशीनपाशी उभे होते. प्रज्वलने सगळ्यांसमोर सांगितलं, तुकडा काढणार नाही, आधी प्रेसचा ब्रेक उघडा, नंतर मला काढा. बोलाचाली झाली. शेवटी मेंटेनन्सच्या लोकांनी कटकट मिटावी म्हणून ब्रेक उघडला. आतली स्प्रिंग मोडलेली होती, दोन तुकडे. प्रेस वर जाऊन थांबायच्या ऐवजी हळूच खाली सरकत होती, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. तपासणी नसती तर आज ना उद्या डबल मारलाच असता. रणजीत सरांनी प्रज्वलच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेले. नवी स्प्रिंग बसवून प्रेस चालू करून द्यायला तो मागे थांबला होता.

“हात दाखव,” कुसुमताई म्हणाल्या.

रुपालीने हसत दोन्ही हात पुढे केले. कुसुमताईंनी एकेक बोट चाचपून पाहिलं, जसं बाळंतिणीच्या खोलीत नव्या बाळाचं पाहतात. मग तिला पाटावर बसवून तेलाची बाटली घेतली, आणि तिची वेणी सोडता सोडता दोघीही थोड्या रडल्या.

प्रज्वल उशिरा फोनवर म्हणाला, प्रेस आता अजिबात थांबत नाही. तुकडा तिथेच आहे, विचारतो, आणि बरोबर उत्तर मिळालं की पुढे जाऊ देतो.

“आणि तो आकडा? थांबला का?” कुसुमताईंनी विचारलं.

“नाही, काकू. वाढतोय.”

७

भाग्यश्री आली ती विरजण मागायच्या निमित्ताने. गिरणीत चौकशी करून आलात म्हणे, तेव्हा खरं काय ते आता सांगूनच टाका, म्हणाली. कुसुमताईंनी तिला ओट्याशीच बसवलं. दुपार होती, शेजारचं दार कुलूपबंद होतं, दोघंही चाकणला गेलेली.

“बाई येते, हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “प्रज्वलसाठी येते, हे खोटं.”

“मग कुणासाठी?”

“रुपालीसाठी. मीच ती. किल्ली असते माझ्याकडे.”

भाग्यश्रीचा चेहरा पडला. इतके दिवस जपलेली गोष्ट इतकी बेचव निघावी याचं तिला मनापासून वाईट वाटलं. विरजणाची वाटी तिथेच विसरून ती गेली. संध्याकाळपर्यंत हे गिरणीत पोचणार होतं आणि चार दिवसांत सगळे विसरणार होते. पोरांच्या संसारावरचं किटाळ गेलं, कुसुमताईंना तेवढंच हवं होतं.

भिंतीपलीकडे टकटक सुरू होती. स्प्रिंग बसली, पोरीचे हात वाचले, मग आता काय लिहिणं चाललंय आणि कुणासाठी, हे विचारायला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. विचारायची किल्ली देव्हाऱ्याशेजारी होती, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी विलासरावांना तेवढं सांगितलं, की आज स्कूटर काढू नका. का, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही.

भाग्यश्रीला सांगितलेलं एकेक वाक्य त्यांनी मनाशी पुन्हा तपासून पाहिलं. सगळं खरं होतं. फक्त ‘मीच’ म्हणाल्या होत्या, ते कितपत खरं, एवढंच त्यांना ठरवता येईना.